‘रीड द रायट ॲक्ट’ म्हणजे नेमकं काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्रजी वर्तमानपत्र रोज वाचणाऱ्याला हा वाक्प्रचार वारंवार भेटतो. पक्षश्रेष्ठी आमदारांना ‘रायट ॲक्ट’ वाचून दाखवतात, कोर्ट एखाद्या खात्याला वाचून दाखवतं, लागोपाठ सामने हरणाऱ्या संघाला प्रशिक्षक वाचून दाखवतो. आज कुणाच्या हातात कागद नसतो. पण एके काळी तो खरोखर असायचा, त्यावरचा मजकूर ठरलेला असायचा, आणि तो वाचून तासभर उलटल्यावरही जागेवरून न हललेला माणूस फासावर जाऊ शकत असे. त्या कागदाबद्दल आणि त्यातून आलेल्या वाक्प्रचाराबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न इथे घेतले आहेत.

या वाक्प्रचाराचा आजचा अर्थ काय?

चाललंय ते ताबडतोब बंद करा, नाही तर परिणाम भोगा, असं खडसावून बजावणं. यात रागावणं येतंच, पण नुसतं रागावणं पुरत नाही. ‘थांबा’ हा हुकूम आणि न थांबल्यास काय होईल याचा इशारा, या दोन्ही गोष्टी असल्या तरच हा वाक्प्रचार चपखल बसतो. मुलांनी घर डोक्यावर घेतलंय म्हणून आई दिवसभर ओरडत असेल, तर ते ओरडणं झालं. पण ती दारात उभी राहून ‘आता एक आवाज जरी आला तरी उद्यापासून मोबाइल बंद’ असं म्हणते, तेव्हा तिने रायट ॲक्ट वाचला असं इंग्रजीत म्हणता येतं.

तो वापरायचा कसा? कोणी कोणाला?

ज्याच्या हातात अधिकार आहे त्याने, ज्याने ऐकायचं आहे त्याला. कारकून साहेबाला रायट ॲक्ट वाचत नाही. ॲक्टच्या आधी ‘द’ लागतोच, कारण इथे कुठला तरी कायदा अभिप्रेत नसून एकच ठरावीक कायदा अभिप्रेत आहे. भूतकाळात ‘रीड’चं स्पेलिंग तेच राहतं, पण उच्चार ‘रेड’ होतो, आणि मोठ्याने बातमी वाचताना पुष्कळांची जीभ इथे अडखळते. दंगल झालेली असण्याची काहीच गरज नाही. चार जणांच्या ऑफिसातही हा वाक्प्रचार चालतो. भाषणात, बातमीत, गप्पांत तो शोभतो. सरकारी पत्रात किंवा कारणे दाखवा नोटिशीत मात्र तो घालू नये, तिथे साधा शब्द बरा.

असा कायदा खरंच होता का?

होता. ब्रिटिश संसदेने केलेला हा कायदा १ ऑगस्ट १७१५ रोजी अमलात आला. काही पुस्तकांत त्याचं साल १७१४ दिलेलं दिसतं, आणि त्यामुळे वाचणारा गोंधळतो. त्या काळी कायद्यावर अधिवेशन सुरू झाल्याची तारीख पडायची, आणि इंग्लंडात नवं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. हे अधिवेशन मार्चमध्ये त्याआधीच सुरू झालं होतं, म्हणून जुन्या हिशेबाने साल १७१४. दोन्ही सालं एकाच कायद्याची आहेत.

तो आणायची गरज का पडली?

राणी ॲन १७१४ मध्ये वारली. तिचं एकही मूल हयात नव्हतं. गादीवर आला जर्मनीतल्या हॅनोव्हरचा जॉर्ज. पदच्युत स्टुअर्ट घराण्याच्या बाजूचे लोक देशात पुष्कळ होते, त्यांना हा राजा परका वाटत होता. ऑक्टोबर १७१४ मध्ये राज्याभिषेकाच्या दिवशीच अनेक गावांत दंगे झाले. पुढच्या उन्हाळ्यात जमावांनी अधिकृत चर्चपासून फुटून निघालेल्या प्रॉटेस्टंट पंथांची प्रार्थनागृहं फोडायला सुरुवात केली. नव्या राजवटीला पाठिंबा देणारे लोक म्हणून हे पंथ जमावाच्या रोषाला बळी पडत होते. सरकार घाबरलं होतं, आणि त्या भीतीला कारणही होतं. कायदा अमलात आल्यानंतर काही आठवड्यांतच स्टुअर्ट पक्षाने स्कॉटलंडात उघड बंड पुकारलं.

दंगा हा गुन्हा त्याआधीही होताच. अडचण होती ती शिक्षा सौम्य असण्याची, आणि जमावावर हत्यार चालवणाऱ्या अधिकाऱ्याला उद्या आपल्यावरच खटला होईल ही धास्ती असण्याची. नव्या कायद्याने दोन्हींवर इलाज केला.

नेमकं काय वाचलं जायचं?

संपूर्ण कायदा वाचायचा नसे, तसा सर्वसाधारण समज असला तरी. १२ किंवा अधिक माणसं बेकायदा, दंगेखोरपणे जमली असतील, तर मेयर, शेरीफ किंवा स्थानिक न्यायाधीशाने त्यांच्यात जायचं. जाणं धोक्याचं असेल तर जितकं सुरक्षितपणे जवळ जाता येईल तितकं जायचं. आधी मोठ्याने शांततेचा आदेश द्यायचा. मग, पुन्हा मोठ्या आवाजात, कायद्यातच छापलेली एक छोटी घोषणा करायची. तिचा मराठीत आशय असा:

‘आपले सार्वभौम महाराज इथे जमलेल्या सर्व लोकांना बजावतात व हुकूम करतात की त्यांनी ताबडतोब पांगावं आणि शांतपणे आपापल्या घरी किंवा आपल्या कायदेशीर कामाला जावं. न गेल्यास दंगे व दंगेखोर जमाव रोखण्यासाठी राजा जॉर्ज यांच्या पहिल्या वर्षी झालेल्या कायद्यातील शिक्षा होतील. देव राजाचं रक्षण करो.’

एवढंच. अर्ध्या मिनिटात वाचून होईल. त्यानंतर घड्याळ सुरू. तासाभरानेही १२ किंवा अधिक जण तिथेच राहिले, तर प्रत्येक जण देहान्ताच्या शिक्षेचा गुन्हेगार. त्यांना पांगवताना कुणी मेलं किंवा जखमी झालं, तर पांगवणाऱ्यांवर खटला नाही.

मला या कायद्यातली सर्वांत लक्षणीय गोष्ट वाटते ती ‘ऐकू जाण्या’ची काळजी. घोषणा मोठ्याने करा, आधी शांतता करा, जवळ जाऊन करा, हे सगळं कलमांत लिहिलेलं आहे. वाचणाऱ्याला बळाने अडवणं हाही देहान्ताचाच गुन्हा होता. इतकंच नाही, तर हा कायदा दर तिमाही कोर्टाच्या बैठकीत जाहीर वाचावा असंही त्यात कलम होतं. अक्षरओळख नसलेल्या माणसाच्याही कानावर तो एकदा तरी पडावा, अशी ही व्यवस्था. कायदा क्रूर होता यात शंका नाही. तरीही तो माणसाला आधी सांगत होता, नेमक्या शब्दांत सांगत होता, आणि घरी जायला वेळ देत होता.

मजकूर वाचताना चूक झाली तर?

तर आरोपी सुटू शकत असे. कायद्यात ‘हेच किंवा या आशयाचे शब्द’ अशी सवलत होती, तरी १८३० मधल्या एका खटल्यात ‘देव राजाचं रक्षण करो’ हे शेवटचं वाक्य वाचायचं राहिलं म्हणून त्या कलमाखालचा आरोप टिकला नाही. आज आपल्याला तो नुसता जयजयकार वाटतो. पण माणसाचा जीव ज्या मजकुरावर अवलंबून आहे, त्यातला एकही शब्द गाळायची मुभा कोर्टाने दिली नाही, आणि ते योग्यच होतं.

वाचून झाल्यावर सैनिक तासभर हात बांधून उभे राहायचे का?

हा सर्वांत मोठा गैरसमज आहे, आणि तो आजचा नाही. त्या काळच्या न्यायाधीशांचा आणि सैन्यातल्या अधिकाऱ्यांचाही तोच होता. त्यातून फार नुकसान झालं.

१० मे १७६८ रोजी लंडनच्या सेंट जॉर्जेस फील्ड्सवर लोक जमले होते. त्यांचा लाडका नेता जॉन विल्क्स जवळच्याच तुरुंगात होता. रायट ॲक्ट वाचला गेला, दगड आले, सैनिकांनी गोळ्या झाडल्या, माणसं मेली. त्यानंतर सॅम्युएल गिलम या न्यायाधीशावरच खुनाचा खटला भरला गेला. तो निर्दोष सुटला, पण देशातल्या प्रत्येक न्यायाधीशाने त्यातून घ्यायचा तो धडा घेतला.

त्याचं फळ १७८० च्या जूनमध्ये दिसलं. कॅथलिकांना थोड्या सवलती देणाऱ्या कायद्याविरुद्ध लॉर्ड जॉर्ज गॉर्डनने मोर्चा काढला आणि लंडन पेटलं. न्यूगेटचा तुरुंग जळाला, बँक ऑफ इंग्लंडवर हल्ला झाला. सैनिक रस्त्यावर होते, पण हुकूम कोण देणार? न्यायाधीश पुढे येईनात, आणि त्यांनी घोषणा वाचल्याशिवाय गोळी चालवायची नाही अशी सैन्याची समजूत. शेवटी सरकारी वकिलांनी सल्ला दिला की डोळ्यांदेखत गंभीर गुन्हा घडत असेल तर घोषणेची वाट पाहावी लागत नाही. राजाच्या हुकमाने सैन्य उतरलं आणि सुमारे ३०० माणसं मारली गेली. मग लंडनचा मेयर ब्रॅकली केनेट याच्यावर खटला झाला, आणि तो होता कर्तव्यात कसूर केल्याबद्दल. म्हणजे १७६८ च्या गोळीबाराबद्दल वाचणाऱ्यावर खटला, १७८० च्या दंग्याबद्दल न वाचणाऱ्यावर. या दोन खटल्यांच्या मध्ये सापडलेल्या अधिकाऱ्याची अवस्था ‘इकडे आड तिकडे विहीर’ अशी होती.

ही गोष्ट स्पष्ट व्हायला आणखी शंभरेक वर्षं गेली. १८९३ मध्ये यॉर्कशायरमधल्या फेदरस्टोन इथे कोळसा खाणीतल्या मजुरांच्या आंदोलनात घोषणेनंतर तास उलटण्याआधीच गोळीबार झाला आणि दोन जण दगावले. त्यावर लॉर्ड बोवेन यांच्या समितीने सांगितलं की तास उलटल्यावर नुसतं तिथे थांबणंही महागुन्हा ठरतं, एवढाच त्या तासाचा अर्थ. त्याआधी हिंसाचार रोखण्यासाठी लागेल तेवढं बळ वापरण्याचा अधिकार परंपरेने चालत आलेल्या सामान्य कायद्याने (कॉमन लॉ) होताच, आणि गरजेपेक्षा जास्त बळ वापरलं तर ते घोषणेनंतरही बेकायदाच.

पीटरलूचा आणि या वाक्प्रचाराचा काय संबंध?

१६ ऑगस्ट १८१९. मँचेस्टरच्या सेंट पीटर्स फील्डवर सुमारे ६०,००० माणसं जमली होती. बायका होत्या, पोरं होती, पुष्कळांनी रविवारचे ठेवणीतले कपडे घातले होते. मागणी होती संसदेत प्रतिनिधित्वाची, आणि हेन्री हंट बोलणार होता. न्यायाधीश मैदानाकडेच्या एका घरात बसून पाहत होते. त्या घराच्या खिडकीतून बाहेर वाकून रायट ॲक्ट वाचला गेला, असं त्यांनी नंतर सांगितलं. मैदानात उभ्या असलेल्या कितीतरी साक्षीदारांनी सांगितलं की आम्हाला काहीही ऐकू आलं नाही. ६०,००० माणसं, ध्वनिक्षेपक नाहीत, बँड वाजतोय. ऐकू येणार तरी कसं? हंटला पकडायला घोडेस्वार गर्दीत घुसले, तलवारी उपसल्या गेल्या आणि तास उलटायच्या कितीतरी आधी मैदान मोकळं झालं. १८ जण मेले, शेकडो जखमी झाले. चार वर्षांपूर्वीच्या वॉटर्लूच्या लढाईवरून लोकांनी या दिवसाला पीटरलू हे नाव दिलं.

वाक्प्रचार पीटरलूमुळे जन्मला, असा दावा मी करणार नाही. पण या घटनेनंतर रायट ॲक्ट हे शब्द ब्रिटनमध्ये कुणालाच अनोळखी राहिले नाहीत. आणि कायद्याने ऐकू जाण्याची जी काळजी घेतली होती, ती मोडल्यावर काय होतं याचं याहून ढळढळीत उदाहरण नाही. ऐकूच न गेलेल्या इशाऱ्याला मी तरी इशारा म्हणणार नाही.

देहान्ताची शिक्षा शेवटपर्यंत होती का?

नाही. १८३७ मध्ये ती बदलून जन्मभराची हद्दपारी करण्यात आली.

कायद्याच्या घोषणेचा ‘खडसावणं’ हा अर्थ कसा झाला?

शंभर वर्षं एखादी गोष्ट गावोगाव मोठ्याने वाचली गेली की ती बोलण्यात उतरतेच. एकोणिसाव्या शतकात लोक घरातल्या, शाळेतल्या, जेवणाच्या टेबलावरच्या दंग्यालाही हे शब्द थट्टेने लावू लागले. मुलांच्या खोलीत गोंधळ चाललाय, आई किंवा दाई दारात येऊन उभी राहते, सगळे गप्प होतात, ती बजावते आणि निघून जाते. मूळ प्रसंगाचा सगळा आराखडा यात आहे: जमाव, अधिकारी, शांतता, घोषणा, धमकी. गळाला तो फक्त तास. आजचा साहेब रायट ॲक्ट वाचतो तेव्हा विचार करायला तासाची सवलत सहसा देत नाही.

तो शेवटचा कधी वाचला गेला? आज आहे का?

विसाव्या शतकातही तो वाचला जात होता. १९११ मध्ये वेल्समधल्या लनेथ्ली इथे रेल्वे संपात घोषणा झाली आणि सैनिकांच्या गोळ्यांनी दोन तरुण मेले. ३१ जानेवारी १९१९ रोजी ग्लासगोच्या जॉर्ज चौकात कामाचे तास कमी करा म्हणून हजारो कामगार जमले होते. तिथे शेरीफ घोषणा वाचायला उभा राहिला, तर वाचता वाचताच कुणीतरी त्याच्या हातातला कागद हिसकावून घेतला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पोलिसांच्या संपाच्या काळात लिव्हरपूलसमोरच्या बर्कनहेडमध्ये तो वाचला गेला. पुढे पोलीस दल मोठं झालं, नवे कायदे आले, आणि १९७३ मध्ये हा कायदा पुस्तकातून काढून टाकण्यात आला. पण एक आकडा मागे राहिला. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९८६ च्या कायद्यानुसार आजही ‘रायट’ हा गुन्हा व्हायला किमान १२ माणसं लागतात.

इतर देशांत तो गेला का?

गेला, आणि कॅनडात तर आजही जिवंत आहे. तिथल्या फौजदारी संहितेच्या ६७ व्या कलमात जवळजवळ तीच घोषणा आहे. १२ माणसांची अटही तीच आणि शेवटी राजाचा जयजयकारही तोच. मुदत मात्र तासाची नसून ३० मिनिटांची, आणि कमाल शिक्षा जन्मठेप. विनिपेगच्या मोठ्या संपात २१ जून १९१९ रोजी मेयरने घोषणा वाचली. त्या दिवशीच्या गोळीबारात दोन जणांचे प्राण गेले, आणि तिथले लोक त्या दिवसाला आजही ‘रक्तरंजित शनिवार’ म्हणतात.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सने १७८६ मध्ये, कर्जबाजारी शेतकऱ्यांच्या उठावाच्या वेळी, स्वतःचा रायट ॲक्ट केला. तो तयार करण्यात सॅम्युएल ॲडम्सचा हात होता. इंग्रजांविरुद्ध लोकांना रस्त्यावर आणणारा हाच तो ॲडम्स.

भारतात रायट ॲक्ट लागू होता का?

हा कायदा नव्हता, पण त्याची कल्पना आली. १८६० च्या भारतीय दंड संहितेने बेकायदा जमावासाठी १२ ऐवजी पाचच माणसांची अट घातली. पांगण्याचा हुकूम मिळूनही थांबणं हा वेगळा गुन्हा ठरवला. ठरलेली घोषणा मात्र घेतली नाही आणि तासही घेतला नाही. आता भारतीय न्याय संहितेच्या कलम १८९ मध्ये तीच पाचांची अट आहे. पांगण्याचा हुकूम कार्यकारी दंडाधिकारी किंवा पोलीस ठाण्याचा प्रमुख देऊ शकतो, तोही स्वतःच्या शब्दांत.

महाराष्ट्रात आपण जिला ‘जमावबंदी’ म्हणतो ती थोडी वेगळी चीज आहे. पूर्वीचं १४४ कलम, आताचं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतलं १६३, किंवा महाराष्ट्र पोलीस कायद्याचं ३७ वं कलम, हे सगळे आदेश जमाव जमायच्या आधी निघतात. रायट ॲक्ट जमलेल्या माणसांसमोर उभं राहून वाचायचा असे.

या विषयात जालियनवाला बाग टाळता येत नाही. १३ एप्रिल १९१९ च्या सकाळी अमृतसरमध्ये सभाबंदीची दवंडी पिटली गेली, पण ती शहराच्या सगळ्या भागांत पोचली नव्हती. संध्याकाळी बागेत शिरल्यावर डायरने पांगण्याचा हुकूम दिला नाही, एक शब्दही उच्चारला नाही आणि थेट गोळीबार सुरू केला. सरकारी आकड्यानुसार ३७९ माणसं मेली. चौकशीसाठी नेमलेल्या हंटर समितीपुढे डायरने स्वतःच कबूल केलं की इशारा दिला नव्हता, आणि समितीने त्याला दिलेल्या दोषात हा मुद्दा होता. ग्लासगोच्या चौकातल्या घटनेला तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. एकाच साम्राज्यात, एकाच वर्षी, तिथल्या कामगारांसमोर कागद घेऊन माणूस उभा राहिला होता. इथल्या लोकांच्या वाट्याला तो कागदही आला नाही.

‘रन रायट’ हा याच कायद्यातून आला का?

नाही. मोकाट सुटणं, बेफाम होणं या अर्थाचा तो वाक्प्रचार या कायद्याहून जुना आहे. शिकारी कुत्रे मूळ सावज सोडून भलत्याच वासामागे धावू लागले की शिकारी त्याला ‘रायट’ म्हणत.

मराठीत काय म्हणावं?

बहुतेक बातम्यांत ‘सज्जड दम दिला’ किंवा ‘कडक शब्दांत तंबी दिली’ हे उत्तम बसतं, कारण दोन्हींत पुढच्या परिणामांचा इशारा आहे. ‘कानउघाडणी’, ‘खरडपट्टी’, ‘फैलावर घेणं’ हे झालेल्या चुकीबद्दलचं बोलणं आहे. त्यात ‘यापुढे’ येतंच असं नाही, म्हणून ते जरा बाजूला पडतात. ‘समज देणं’ फार मऊ. ‘दंगल कायदा वाचून दाखवला’ असं शब्दशः भाषांतर मी काही ठिकाणी छापलेलं पाहिलं आहे. ते कृपया करू नये, वाचणाऱ्याला वाटतं की खरोखरच कुठेतरी दंगल झाली.